खंबातचं आखात बाबाले दिसलं

आसगाव, गुरुवार, संध्याकाळ

जमलं एकदाचं. समुद्रच पाह्यला नाही, म्हणून बाबा माही आखाताची कथा आयकता आयकता दरवेळी मधातच उठून जात. आज पुस्तकी वर्णन फेकलं अन् म्हटलं, "बाबा, तीन बाजूनं मातीची पार बांधलेला तलाव धरा. चौथ्या उघड्या बाजूनं समुद्र दिवसातून दोनदा आत शिरते. आत जागा निमुळती, म्हणून पानी पाच माणसं उंच चढते."

"अन् उतरल्यावर?"

"कोसभर गाळ. नर्मदा-तापीनं आणलेला."

"एवढ्या गाळात धान नाही लावत? येडे हायेत का?"

"खारा हाय तो."

मंग वाचलं. मासेमार गाळात उतरले, तिथं मी मुद्दाम थांबलो. बाबा बाजेवरून हललेच नाही. म्हणाले, "थांबला काहून? भरती येऊन राहिली नं, त्यायले बाहेर काढ पहिले."