हिंदुरावांची हाक

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी सगळ्यात आधी नव्या खोलीतला कोनाडा पुसला, तथागतांची मूर्ती ठेवली, मेणबत्ती लावून प्रियदर्शनीसोबत त्रिशरण पंचशील म्हटलं आणि मग दूध संकलन केंद्राचं कुलूप काढायला गेलो. पन्नाशीच्या तोंडावर सचिवाची नोकरी मिळाली, तीही इंदापूरकडे डाळजजवळ आणि राहायला केंद्रामागचीच खोली. प्रियदर्शनी हसून म्हणाली, चहा गार व्हायच्या आत तुमच्यापर्यंत पोचेल.

केंद्र छोटं पण नेटकं आहे. वजनकाटा, फॅटचं मशीन, कॉम्प्युटर, खिडकीवर कर्णा. सभासदाचा नंबर दाबला की कर्ण्यातून त्याच्या नावाची हाक येते. आधीचे सचिव हिंदुराव यांनी एकेकाची हाक स्वतःच्या आवाजात भरून ठेवली आहे. ते उन्हाळ्यात वारले, आवाज मात्र राहिला. भारदस्त, मायाळू. "तुळसाक्का, या पुढं." मग तुळसाक्का "ओ" म्हणते आणि किटली उचलते. सगळेच ओ देतात. ऐकून बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
संध्याकाळी वीज गेली, म्हणून नावं मी पुकारली. रांगेतलं कुणी हललं नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा पुकारली. मग तुळसाक्का म्हणाली, "सायेब, तुमचा आवाज नोटीस बजावल्यावानी हाय. हिंदुराव हाक मारायचे तर म्हसीला पान्हा फुटायचा."
सगळे हसले. मीही हसलो. रात्री जेवण गेलं नाही. मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा? पण झाला.

१९ नोव्हेंबर
बारामतीहून कॉम्प्युटरवाला सुमित आला होता. आपली विंडोज जुनी झाली, तिला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, नवी टाकून घ्या म्हणाला. अडचण एकच. हाकांचा प्रोग्राम हिंदुरावांच्या भाच्याने जुन्या विंडोजसाठी केलेला. नवीवर तो चालणार नाही, हाका जातील. संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवायचं माझ्यावर सोपवलं.
रांगेत बातमी फुटली आणि जो तो विनवू लागला, राहू द्या. प्रियदर्शनीही म्हणाली, राहू द्या की, किती मायेनं बोलतात. ती एरवी कुणाची अशी तारीफ करत नाही.
रांगेतले म्हातारे कचरूआबा तेवढे विनवायला आले नाहीत. ते त्या हाकेला कधी ओ देत नाहीत, नुसती किटली पुढे सरकवतात. विचारलं तर म्हणाले, "मेल्याच्या हाकंला ओ देऊ न्हाय. ओ दिली की आपलं ध्यान तिकडं जातं, ते माघारी येत न्हाय."
मी त्यांना अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवले.

२८ नोव्हेंबर
प्रियदर्शनी चहा घेऊन आली तेव्हा कर्णा बोलला. "प्रियदर्शनीताई, या."
ती "ओ" म्हणाली आणि हसली. तिला वाटलं, मीच काही जुळणी केली. मी कुठल्याही नंबराला हात लावला नव्हता. ती सभासद नाही. हिंदुरावांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.
सुमितने फोनवर सांगितलं तशा सगळ्या हाका तपासल्या. त्या नावाची हाक नाही.

६ डिसेंबर
इंदापूरला जाऊन बाबासाहेबांना अभिवादन करून आलो. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत आमच्या घरातून गेलं. मग याला काय म्हणू? तो शब्द उच्चारायची मला सोय नाही. सांगणार तरी कुणाला.
ती आता दोन्ही वेळा केंद्रावर येते. हातात चहा नसतो. केस नीट विंचरलेले असतात.

१४ डिसेंबर
घरात हाक मारली तर ती ओ देत नाही. खांद्याला हात लावला की दचकते, कोण म्हणून बघते. भिंतीपलीकडे कर्णा खरखरला की मात्र लगेच उठते.
तुळसाक्काची सून रडत आली. सासू घरात कुणाचं ऐकत नाही, नातवाचंही नाही. इतरांच्या घरीही तेच. ओ फक्त इथे.
कचरूआबांना मात्र घरच्यांचं ऐकू येतं. आबांना सगळं ऐकू येतं.

२० डिसेंबर
आज 'ताई' गेलं. नुसतं — "प्रिया."
हे नाव घराबाहेर कधी उच्चारलं नाही मी. लग्नापासून माझं एकट्याचं होतं ते. तिने ओ दिली ती — माझ्या वाट्याला तशी ओ कधी आली नाही.
मैत्री भावना करायला बसलो. सर्व प्राणी सुखी होवोत. एक सोडून.

२२ डिसेंबर
भीतीपोटी करतोय की मत्सरापोटी? मत्सरापोटी. लिहून ठेवतो. लोक वाचले तर तेही बरंच, पण मला ती हवी आहे.
सुमित उद्या नवी विंडोज टाकायला येतो.

२३ डिसेंबर
टाकली. नवी विंडोज चालू आहे, पडदा निळा, स्वच्छ. हाका गेल्या. कर्ण्याची वायरही मीच उपटली. सुमित गेला.
संध्याकाळची रांग लागली. किटल्या खाली ठेवून सगळे उभे. ती भिंतीशी. कर्णा गप्प. आता मी हाक मारणार, पहिली तिलाच.

मारली. तिने बघितलं नाही.

तुळसाक्का "ओ" म्हणाली. तिला कुणी हाक मारली नव्हती. मग तिच्या मागचा. मग त्याच्या मागची. रोजच्याच क्रमाने, थोडं थांबून, ऐकून — कर्ण्याकडे कुणी बघतच नाही. सगळे बाहेर बघतायत, केंद्रासमोरच्या उसाकडे.
कचरूआबा माझ्याकडे बघतायत. त्यांनाही ती उसातली हाक ऐकू येत नाही. आम्हा दोघांनाच —
किटल्या तिथेच टाकून चालले. एकेक.
ती राहिलीय. मान वळवून ऐकतेय. हसली.
प्रिया म्हटलं. ओरडून म्हटलं. हात धरलाय मी तिचा, एका हाताने लिहि—
ती ओ म्हणाली. मला नव्हे. हात सोडव