हद्दीची माती

६ फेब्रुवारी

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच. माझ्या आधी या कामावर असलेला अमरनाथ मोजणी अर्धवट टाकून उमरग्याला घरी निघून गेला आणि काय अडलं ते त्यानं एका ओळीतही लिहून ठेवलं नाही. माझी उभी हयात मोजणीच्या नोकरीत गेली. असला गबाळा कारभार मला चालत नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला सगळं लेखी मिळेल.

गाव मुरुमच्या पुढं, लहान आणि नीटनेटकं. ज्वारी काढणीला आली आहे, सकाळी छान गारवा असतो, माणसं बोलकी आहेत. निवृत्तीनंतर पुन्हा शिवारात उभं राहायला मिळालं याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवत नाही. मुक्काम कल्याणप्पांच्या बंगल्यात, वरच्या खोलीत. त्यांच्या पत्नी प्रेमाबाईंनी गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. मोजायची ती हद्द यांच्याच शेताची, त्यामुळे यांच्या घरी जेवणं मला पटत नाही. मोजणीचं काम घेतलेल्या कंपनीनं दुसरी सोय केलेली नाही.

भांडण साधं आहे. पश्चिमेला कल्याणप्पांचं रान, पूर्वेला गजराबाईंचं, मधे विहीर. हद्द विहिरीच्या पूर्वेनं गेली तर विहीर कल्याणप्पांची, पश्चिमेनं गेली तर गजराबाईंची. कल्याणप्पांकडे बोअर आहेत. गजराबाई विधवा, त्यांना दुसरं पाणी नाही.

८ फेब्रुवारी

काम सुरू. यंत्र तिपाईवर गोल फिरतं आणि लेझरनं चहूकडचे लाखो ठिपके टिपतं. एका जागेवरून सगळं दिसत नाही, म्हणून जागा बदलत स्कॅन घ्यायचे आणि नंतर लॅपटॉपवर एकमेकांवर बसवायचे. त्यासाठी रानात पांढरे गोळे मांडते. दोन स्कॅनमधले गोळे एकावर एक आले की जुळवणी झाली. यंत्राला एकच जागा दिसत नाही, स्वतःच्या पायाखालची. तिथं काळं वर्तुळ राहतं, ते शेजारच्या स्कॅननं भरून काढायचं.

मधे आलेली माणसं, गुरं, कुत्री म्हणजे आमच्या भाषेत कचरा. तो शेवटी पुसायचा.

गजराबाई बांधावर येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, एवढं मोठं मशीन, अन् इहीर कुणाची ते त्याला कळंना व्हय? मला इचारा की बाई, फुकट सांगते. स्कॅन होईतो बाजूला व्हा, नाहीतर तुम्हाला पुसावं लागेल, असं मी सांगितलं. उठता उठता म्हणाल्या, पुसा की. गावानं कवाच पुसलंय. मला हसू आलं, दाखवलं नाही.

१० फेब्रुवारी

आज जुळवणीला बसले. प्रत्येक स्कॅनमध्ये एक माणूस उभा आहे. रानात तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हलणारा माणूस ठिपक्यांत फरफटल्यासारखा येतो. हा रेखीव आहे. धोतर, हडकुळे खांदे, आणि डोक्यावर आणखी एक डोकं ठेवावं तसा ओबडधोबड गोळा.

पुसून पाहिला. पुसला की जुळवणी फिसकटते, एकाच बांधाचे दोन बांध दिसतात. परत आणला की सगळं चपखल बसतं. असं व्हायला नको, कारण प्रत्येक स्कॅनमध्ये त्याची जागा वेगळी आहे.

सगळे स्कॅन बसवल्यावर ती माणसं एका ओळीत आली. माणूस एकच, कडुलिंबापासून पावलापावलानं चाललेला. ओळ विहिरीच्या पश्चिमेनं जाते. मातीत रुतलेले जुने हद्दीचे दगडही बरोबर त्याच ओळीत आहेत.

संध्याकाळी गजराबाईंना विचारलं. त्यांनी घागर खाली ठेवली. मग म्हणाल्या, तो आमचा वीरप्पा, माझ्या सासऱ्याचा बाप. आधी हद्दीचं भांडण लागलं की एकानं शिवेची माती डोक्यावर घेऊन चालायचं. तो चालंल ती हद्द. खोटं चालला तर माती त्याला सोडत न्हाय. कल्याणप्पांच्या आज्यानं दमदाटी करून वीरप्पाला विहिरीच्या पूर्वेनं चालवलं. विहीर मागं टाकली आणि तो पडला तो उठलाच नाही. जुना नकाशा त्या चालण्यावरून काढलेला.

आता खरं चालतोय व्हय, म्हणाल्या. मेल्यावर चालून काय उपेग?

१२ फेब्रुवारी

पाठवलेले स्कॅन पाहून पुण्याहून युवराजचा फोन. हा माझा साहेब, वयानं माझ्या मुलासारखा. म्हणाला, मॅडम, माणूस वगैरे अहवालात नको. स्कॅन जुन्या नकाशाला बसवा. दगड पश्चिमेला आहेत, असं मी सांगितलं. तो म्हणाला, दगड कुणीही हलवतं, नकाशा कोण हलवणार? अमरनाथही असाच अडून बसला होता, शेवटी पुसलं त्यानं, पण सही न करता पळाला.

मी विचार केला. डोक्यावर माती घेतलेल्या मेलेल्या माणसाच्या भरवशावर मोजणी ठरवता येत नाही. त्याला सगळ्या स्कॅनमधून पुसलं. स्कॅन हातानं ओढून नकाशाला बसवले. विहीर कल्याणप्पांकडे गेली. सही केली.

गजराबाईंना सांगितलं. त्यांनी घागर भरली आणि गेल्या.

१३ फेब्रुवारी

सकाळी उशीवर काळी माती. खिडकी बंद होती. मान अवघडली आहे, वय झालं म्हणायचं.

अमरनाथला फोन केला. त्याची बायको शिवकन्या बोलली. बरे आहेत म्हणाली. फक्त मान ताठ धरतात. आडवे होत नाहीत, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. रोज न्हाऊ घालते, तरी केसांतून माती निघते. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, तुम्ही पण पुसलं का त्याला?

मी फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी

कल्याणप्पांनी विहिरीला तारेचं कुंपण घातलं. गजराबाई बाहेर रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या.

युवराजला एक काळं वर्तुळ भरून हवं होतं. बारा तारखेला मी सही केली तेव्हा यंत्र जिथं उभं होतं, तीच जागा. नवा स्कॅन घेतला. स्कॅन होईतो मी बंगल्याच्या भिंतीआड उभी होते. प्रेमाबाई सोबत होत्या, त्या साक्षीदार.

वीरप्पा आता कुठंच नाही.

वर्तुळात बाई उभी आहे. चष्मा. माझ्यासारख्या खोचलेल्या निऱ्या. डोक्यावर —

१६ फेब्रुवारी

वजन आहे. वाकलं की घसरतं, म्हणून वाकत नाही. रात्रभर बसून होते.

युवराजला सांगितलं, सही मागं घेते. म्हणाला, अहवाल गेला मॅडम, तुम्ही आराम करा, उद्या तुमच्या जागी निकिता येतेय.

जुळवणी मोडली. खरी केली, दगडांवरून. सही करून गजराबाईंना नेऊन दिली. त्या म्हणाल्या, तार लागल्यावर कागुद देता व्हय बाई? पण घेतला. बोलताना माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हत्या. थोडं वर पाहत होत्या.

१७ फेब्रुवारी

निकिता आली. पोरगी हसरी आहे. खाली प्रेमाबाईंनी तिला भाकरी वाढली. तिला बजावलं, माणूस दिसला तर पुसू नकोस. म्हणाली, सरांनी तर पहिलं तेच काम सांगितलंय.

मग म्हणाली, मॅडम, केसांत माती आहे, झटकू? तिचा हात धरला. घट्ट धरला असावा, घाबरली.

सुपूर्द केलं ते —

यंत्र, तिपाईसह. दिलं. घेणार निकिता.

पांढरे गोळे. दिले. मोजताना एक जास्त भरतो. तो पांढरा नाही.

खरी जुळवणी. दिली. घेणार गजराबाई.

डोक्यावरचं मातीचं ढेकूळ. देणार मी. घेणार नि

खोडलं. घेणार कुणी नाही. मीच चालते, कडुलिंबापासून, विहिरीच्या पश्चिमेनं, दिवसाढवळ्या, गाव बघेल असं. वही हातात ठेवते. दगड लागेल तसा लिहीन —

पहिला दगड. बरोबर.

दुसरा. गजराबाई तारेपाशी उभ्या राहिल्या आहेत. पुढं मला

मान — निकिता मागून पळत येतेय, मॅडम थांबा, पडाल, द्या ते, मी धर