नळाची मजुरी

मॉन्टेव्हिडिओ, २५ ऑगस्ट १९९६

ती. अवेलिनो काकांस,
निदियाचा सा. न. वि. वि.

या नळाची मजुरी एक दिवस तुझी पोर भरेल, असं तुम्ही बाबांना म्हणाला होतात. आमच्या स्वयंपाकघराला तेव्हा जमीनही नव्हती. मी फरश्यांच्या खोक्यावर बसून संत्रं खात होते. पोर म्हणजे मीच हे ध्यानात आलं आणि नऊ वर्षांच्या मला एकदम मोठी झाल्यासारखं वाटलं. काका, कळवायला आनंद वाटतो की मजुरी भरायला सुरुवात झाली आहे.

सगळे नळ बंद असतानाही मीटर भिंगरीसारखा फिरतोय. मिल्टन नावाचा प्लंबर बोलावला. यायचे आणि बघायचे दीडशे पेसो. त्या दीडशेत तो जमिनीला कान लावून पालथा पडला, शेजारच्या भिंतीलाही कान लावला आणि शेवटी म्हणाला, बाई, पाइप बदलायला फार लागत नाही, लागतं ते पाइप शोधायला. तुमचा जातो कुठून?

इथे माझी अक्कल बघा. मी प्लंबरची मुलगी. माझ्या बाबांनी, सिल्वेरिओंनी, निम्म्या वस्तीचे नळ घातले, हे त्याला दोनदा ऐकवलं. मग खडू घेतला आणि बाबा दर रविवारी टाच आपटून दाखवायचे तश्शी, खोलीच्या मधोमध मोरीपर्यंत सरळ रेघ ओढली. मिल्टनने तीनदा विचारलं, नक्की ना? मधोमध कुणी पाइप नेत नाही हो. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी नेला.

तीन मीटर खणलं. एक चमचा सापडला, बिअरच्या बाटलीची काच सापडली. पाइप नाही. याचे नऊशे. आता सगळी जमीन उचलायची म्हणतो, चार हजार आठशे. नोटरीच्या कचेरीत महिनाभर टंकून मला बत्तीसशे मिळतात. शिवाय तो फक्त उघडतो. बंद करायला गवंडी वेगळा. बंद कोण करणार, हे मी विचारलंच नव्हतं! त्यामुळे तीन आठवडे मी किटली घेऊन खंदक ओलांडते आहे. परवा मसुराच्या पातेल्यासकट आत गेले. मसूर वाचले नाहीत.

पैशांचं एक वेळ होईल. पण फरश्या आईच्या, त्या राखाडी, लाल चांदणीच्या. कारखाना कधीच बंद पडला. बावीस फुटल्याच आहेत. उरलेल्याही गेल्या तर या घरात तिच्या हातची निवड म्हणून काही उरत नाही. मिल्टन नऊ तारखेला, सोमवारी, काम सुरू करणार.

तुम्ही या घराबद्दल पस्तीस वर्षं बोलला नाहीत. बाबांच्या दफनालाही फाटकाशी उभे राहून परत गेलात. तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मी विचारत नाही. पाइप कुठे आहे एवढंच सांगा. रागावला असाल तर रागावून सांगा.

काकूंच्या मागे जेवणाची हयगय करू नका. या खड्ड्यात पडलेल्या पुतणीवर माया ठेवा.

तुमची,
निदिया


साल्टो, ३० ऑगस्ट १९९६

चि. निदिया हिस,
अ. आ.

पत्र पोचलं. दोन दिवस साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं. तुझं अक्षर नोटरीच्या कचेरीत बिघडलंय.

मिल्टनला थांबव. पाइप मधोमध नाही.

तुझ्या बापाला सरळ रेघेचं वेड. मी सांगितलं, भिंतीच्या कडेने ने, उद्या गळला तर चार फरश्यांत भागेल. तो म्हणाला, माझं घर, माझा पाइप, सांगतो तसं कर. आणि दुसऱ्या दिवशी पाठीत उसण भरून आडवा झाला, तो सात दिवस. मी एकटा होतो. अंगणाच्या दाराकडच्या भिंतीने नेला. म्हटलं, उठला की सांगू. तो उठेपर्यंत फरश्या बसल्या होत्या. पहिल्याच रविवारी त्याने पाहुण्यांसमोर टाच आपटली, इथून जातो म्हणाला, दोरीसारखा सरळ, माझ्या भावाने घातलाय. मी काय बोलणार? पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असे पाच रविवार मी मान खाली घालून त्याच्या घरच्या बटाट्याच्या न्योकी गिळल्या. त्याने आठवड्याच्या मजुरीचं पाकीट पुढे केलं, ते मला घेववेना. त्याला वाटलं मी रुसलो. वाटू दिलं. सहाव्या रविवारी साल्टोची बस धरली. भांडण जिंकलो होतो, पोरी, आणि सांगायला तोंड नव्हतं. बिनसलं म्हणतेस ते एवढंच.

मागे नकाशा काढलाय. अंगणाच्या उंबऱ्यापासून तिसरी फरशी. तिच्याखाली पाइप वळतो, तिथे एल्बो आहे. तो मी जुना वापरला होता, नवा आणायला बाजार बंद होता. या एल्बोची मला पस्तीस वर्षं काळजी आहे.

अर्ध्या दिवसाचं काम. साडेपाचशेच्या वर एक पेसो देऊ नकोस, आणि सामान कुणाचं ते आधी ठरव. पण खंदकाचे नऊशे कुरकुर न करता दे. त्याने तीनदा विचारलं होतं. बसवून उरलेल्या फरश्या मी तेव्हा इकडे घेऊन आलो होतो, सव्वीस आहेत, जिरेनियमच्या कुंड्यांखाली. धुऊन बसने पाठवतो.

मला मात्र बोलावू नकोस. गुडघा वाकत नाही, कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही, आणि त्या जमिनीवर मी पाय ठेवणार नाही.

जपून राहा. या म्हाताऱ्याविषयी मन कडू करू नकोस.

अवेलिनो काका


साल्टो, ९ सप्टेंबर १९९६

चि. निदियास, अ. आ.

आज सोमवार. तुझं काही कळलं नाही. तिसरी म्हणजे उंबऱ्याला चिकटलेली धरून तिसरी. एल्बोच होता ना? फरश्यांची खोकी उद्याच्या बसला चढवतो. वर संत्री आहेत, ती दाबू नकोस.

काका


मॉन्टेव्हिडिओ, १२ सप्टेंबर १९९६

ती. अवेलिनो काकांस,
सा. न. वि. वि.

एल्बोच होता. शनिवारी मिल्टनने तिसरी फरशी न फोडता उचलली, तसं पाणी असं वर आलं की जणू आम्हीच उशीर केला होता. एल्बो त्याच्या हातात बिस्किटासारखा चुरला. बाकीचा पाइप बघून त्याने टोपी काढली. ज्याने घातला तो अजून कामं घेतो का, असं विचारलं. मी म्हटलं, घेतो, पण त्याच्या मजुरीला पस्तीस वर्षं लागतात. साडेपाचशे दिले. खंदकाचेही दिले. तो दोनशे सोडत होता, बहुधा मसुरांची गोष्ट ऐकून. मी सोडू दिले नाहीत. मूर्खपणाची पूर्ण किंमत मोजण्यात एक ऐट असते, ती मला घालवायची नव्हती. फरश्या पोचल्या. संत्री मी दाबली नाहीत, बसवाल्यांनी दाबली.

आता एक सांगते. पान्हा हवा म्हणून बाबांची पेटी उघडली. तळाशी, काथ्याच्या गुंडाळीखाली, पाकीट होतं. चिकटवलेलं, कधी न उघडलेलं. वर तुमचं नाव, आणि खाली त्यांच्या हाताने, आला की देणे. उजेडात धरलं तर आतल्या जुन्या नोटा दिसतात. मधल्या काळात आपल्या पैशाची सहा शून्यं गेली, त्यामुळे आज त्यात काडेपेटीही येणार नाही.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच आहे. बाबांची खोली स्वयंपाकघराला लागून. तुम्ही पाइप नेलात त्याच भिंतीच्या पलीकडे त्यांची खाट. मिल्टन कान लावून पाणी ऐकतो, आणि बाबा तर त्याच्याहून जुने कारागीर. सात दिवस ते पाठीवर पडून होते आणि तुमची छिन्नी त्यांच्या उशापासून हातभरावर चालली होती. काका, मधोमध चाललेलं काम आणि भिंतीशी चाललेलं काम यांतला फरक त्यांना कळला नसेल? मग दर रविवारी ते टाच आपटायचे ती पाहुण्यांसाठी, की तुम्ही एकदा तरी नाही म्हणावं म्हणून? मला माहीत नाही. मी तर त्यांच्या टाचेवर विश्वास ठेवून तीन मीटर खणलेली बाई, माझं काय ऐकता.

या महिन्याची एकोणतीस तारीख रविवारी येते आहे. मी न्योकी करणार. बटाटे तुमच्याएवढे चांगले कुटता येत नाहीत, गोळे होतात, ते गिळावे लागतील. एकोणतीसला न्योकीच्या ताटाखाली बरकतीसाठी नोट ठेवतात, तसं तुमच्या ताटाखाली ते पाकीट ठेवीन. गवंड्याला मी अजून सांगितलेलं नाही. खंदक तसाच आहे, तुम्ही खुर्चीत बसून शिव्या द्यायच्या आणि फरश्या मी लावायच्या. कोंबड्यांना शेजारच्या बाईंकडे ठेवा. गुडघ्यासाठी बसमध्ये पुढची जागा मी इथूनच राखून ठेवते. पाय ठेवणार नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि तुम्ही एकदा म्हटलंत की ते पस्तीस वर्षं टिकतं, हे मला ठाऊक आहे. माझ्यावर जी काही माया उरली असेल ती सगळी एकदम खर्च करा, आणि या. या आणि तुमची मजुरी घ्या.

तुमची,
निदिया