सातव्या दाराबाबत खुलासा

रविवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तू म्हणशील, जन्मात कधी वाकला नाही तो आज एकदम आडवा कसा पडला? पुढे वाच.) गुडघा कसा आहे? डावा विचारतो आहे. उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती आणि तिचे उत्तर तुझ्याकडून अद्याप आलेले नाही. भावोजींचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. आम्ही दोघेही प्रकृतीने उत्तम आहोत. माझी मान मात्र शुक्रवारपासून खाली गेली आहे, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर तू तिसऱ्या वाक्याला हसू लागतेस आणि मग माझे चौथे वाक्य बिघडते.

तुझ्या सात पुस्तकांवरून मालिका निघते आहे आणि मी तिचा साहित्य-सल्लागार आहे, हे तुला ज्ञात आहेच. दोन विद्यापीठांत मिळून एकतीस वर्षे साहित्य शिकवलेल्या माणसाचा लौकिक या मंडळींच्या कानी गेला असावा, अशा समजुतीने मी ते पद स्वीकारले. (ती समजूत शुक्रवारी सकाळी साडेअकराला निवर्तली.) पहिल्या बैठकीत दिग्दर्शिकेने मला सातही पुस्तके वाचली आहेत ना, असे विचारले. ताई, मी खोटे बोललो नाही. मी चष्मा काढून पुसला, आणि त्यांनी तो होकार समजला. वस्तुतः मी तीन वाचली होती आणि उरलेल्या चारांची मलपृष्ठे. किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथेत चौथ्या भागापासून पुढे काय घडते हे सुशिक्षित माणसाला अनुमानाने कळते, असे माझे मत होते. ते मी वर्गात मांडलेलेही आहे. दुर्दैवाने विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतले.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एका भिंतीवर तुझी संपूर्ण कथा कार्डांवर लिहून टाचण्यांनी लावलेली आहे: दिवेवाल्याची चौदा वर्षांची मुलगी, डोंगराच्या पोटातले शहर, तिथे सात दारांमागे कोंडून ठेवलेला उजेड. कार्डे तिरकी लागली होती, ती मी पहिल्या आठवड्यात पट्टी लावून सरळ करून घेतली. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या लेखनातील त्रुटींचे टिपण सादर केले. एकशे चौदा निघाल्या. एकोणीस दिवसांत दोन पौर्णिमा. दुसऱ्या पुस्तकात मुलीचा एक बूट पळताना दरीत पडतो आणि पुढच्याच प्रकरणात तिच्या दोन्ही पायांत बूट आहेत. (हा मी ‘अक्षम्य’ या सदरात घातला होता. तो बूट कोणी शोधून, पुसून, काही न बोलता तिच्या उंबऱ्याशी ठेवला, ते चौथ्या पुस्तकात आहे. मलपृष्ठावर नाही.)

आता मूळ अपराधाकडे येतो. सातव्या दाराचा राखणदार मी गाळला.

तुला तो आठवत असेलच. तूच लिहिला आहेस. तिसऱ्या पुस्तकात तो पाच प्रसंगांत येतो आणि पाचही वेळा लोकांना परत पाठवतो. कोणाचा शिक्का पुसट आहे, कोणाच्या सांगण्यात वार चुकला आहे. मागे आग लागलेली असताना तो एका विधवेला म्हणतो, ‘नीट सांगा, पुन्हा सांगा.’ मी टिपणात लिहिले: ‘अवास्तव व कंटाळवाणे पात्र. असा मनुष्य कोणत्याही घरात चार दिवस टिकणार नाही. वगळावे.’ त्याच्यासोबत सातवे दारही वगळले, कारण राखणदाराविना दार म्हणजे नुसता खर्च, आणि सहा दारे भिंतीवर दोन ओळींत समसमान बसतात. टिपणाच्या कागदावर ‘लेखिकेची संमती’ असा एक रकाना होता. करारानुसार तुझ्या संमतीवाचून एकही पात्र गाळता येत नाही. त्या रकान्यात मी लिहिले, ‘ताईशी बोलणे झाले आहे. तिची हरकत नाही.’

त्या आठवड्यात आपले बोलणे झाले होते, हे खरे आहे. ते तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीविषयी होते.

शुक्रवारी शेवटच्या भागाची चर्चा निघाली. पहिले पर्व तुझ्या पाचव्या पुस्तकापाशी संपते. दिग्दर्शिका भिंतीकडे पाहत म्हणाली, "सर, एक राहिलंच. राखणदार नाही, तर शेवटी तिला दार कोण उघडणार?" तो प्रसंग मला ठाऊक नव्हता, तथापि एकतीस वर्षांच्या अध्यापनात मी प्रश्नाला उत्तर नाही असे कधी होऊ दिलेले नाही. मी म्हणालो, "दार आधीपासूनच उघडे ठेवता येईल."

ताई, खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. संवाद लिहिणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवले. मला वाटले, ती प्रभावित झाली. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने तीनदा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणालो, "काय अडचण आहे? नीट सांगा. पुन्हा सांगा."

तेव्हा ते हसले. आधी एक जण, मग सगळे. नोंदी ठेवणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पहिले पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवले. अर्पणपत्रिका. (अर्पणपत्रिका हा संहितेचा भाग नव्हे, म्हणून मी ती कोणत्याच पुस्तकाची वाचत नाही.) तिथे लिहिले होते: ‘माझ्या धाकट्या भावास, जो हे पान वाचणार नाही. सातव्या दारावर तुझी जागा राखून ठेवली आहे.’

याउपर मला जे सहन करावे लागले ते म्हणजे त्यांचा चांगुलपणा. बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुम्ही संकोचानं स्वतःला गाळताय. महिनाभर आम्ही एकमेकांना सांगत होतो, एवढा मोठा माणूस आणि किती निगर्वी!" दिग्दर्शिकेने भर घातली, "ताईंची तर एकच अट होती, तुम्हाला घ्यायचं. भाऊ सगळं बारकाईनं वाचतो, म्हणाल्या." हे म्हणताना तू हसत होतीस का, हे मी विचारले नाही. मग जेवणाची वेळ झालेली नसताना ते सगळे जेवायला निघून गेले आणि पाचवे पुस्तक टेबलावर राहील असे पाहून गेले.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीस सर्व सांगितले. तिने सातही पुस्तके दोनदा वाचली आहेत, ही माहिती मला त्या वेळी प्रथमच मिळाली. "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि राग आलाय," ती म्हणाली. पहिले पुस्तक निघाल्यापासून सतरा वर्षे राग? "तुमचा काय भरवसा! आपल्याकडे हा विषय काढायचा नाही असंच मी धरून चालले." आमच्या लग्नातील कित्येक शांत संध्याकाळींचा उलगडा मला तेव्हा झाला.

काल सेट पाहायला गेलो. सुतारास म्हणालो, सातवे दार करता येईल का. चूक माझी आहे. तो रंधा खाली ठेवून मला मागच्या बाजूला घेऊन गेला. दार तयार होते. जाड, काळसर, कडीची जागा कोरलेली, भिंतीला टेकून उभे. "तुम्ही नको म्हणालात, पण माझ्या पोरीनं मला वाचून दाखवलंय ना ते. म्हटलं, लागणारच." मग मला खालून वर पाहून तो म्हणाला, "उंचीला मात्र चुकलो. तुम्ही बुटके निघालात."

ताई, तू चौदा वर्षांची होतीस आणि मी आठ. तू वहीत गोष्टी लिहून पहिल्यांदा मला दाखवायचीस. मी त्या लाल पेन्सिलीने तपासून, खाली ‘बरी’ असा शेरा मारून परत करीत असे; तेव्हापासून तू मला हेडमास्तर म्हणतेस. पाचव्या वहीनंतर तू दाखवणे थांबवलेस. अनेक वर्षे मी असे सांगत आलो की, तुला सुधारणा मानवत नाही. परवा त्या रिकाम्या खोलीत पाचव्या पुस्तकाचे पान दोनशे अकरा, जिथे राखणदार मुलीला दार उघडतो, ते वाचताना माझ्या ध्यानात आले की, पाचही वेळा दारावरून परत जाणारी माणसे कोण होती.

गुरुवारी तू शेवटच्या भागाच्या वाचनाला येते आहेस. तिथे तुला सहाच दारे दिसली असती आणि तू उठून गेली असतीस, तर मालिका थांबली असती. तो तुझा अधिकार आहे. राखणदार परत घेतला आहे. माझी लाज तेवढी परत घेता येत नाही.

भावोजींस नमस्कार.

तुझा,
हेडमास्तर

ता. क. एक किरकोळ बाब. संमतीच्या रकान्याविषयी अद्याप कोणास काही माहीत नाही. दिग्दर्शिकेने गुरुवारी सहज विचारलेच, तर तू खोटे बोलावेस असे मी म्हणणार नाही. फक्त ‘नीटसे आठवत नाही’ एवढे म्हणावे. तुझ्या वयाला ते शोभेल. (प्रस्तुत पत्राचे प्रयोजन हेच होते, हे आता लपवीत नाही.)

ता. क. २, सोमवार. वरील ता. क. रद्द समजावा. आज सकाळी सर्वांसमक्ष उभा राहून सांगितले की, आपले बोलणे पाण्याच्या टाकीविषयी झाले होते. नोंदीवाल्या बाईंनी रकाना खोडून तारीख घातली. कोणी हसले नाही; हसले असते तर बरे झाले असते.

ता. क. ३, मंगळवार, कुरियरवाला दारात उभा आहे. पान दोनशे अकराच्या समासात मी सवयीने लिहिले होते, ‘परवलीचा शब्द न विचारता दार उघडणे स्वभावाशी विसंगत.’ ते खोडरबराने पुसले आहे. कागद तिथे जरा विरला. दुसरे असे की, गुरुवारी राखणदाराचे वाचन मी करावे असे ठरले आहे. शेवटच्या भागात त्याला एकच शब्द आहे. दार उघडून तो मुलीला म्हणतो, ‘ये.’ कालपासून मी तो घोकतो आहे. तुझ्या वहिनीचे म्हणणे, अजूनही ‘कशाला आलीस?’ असेच ऐकू येते. तो कसा म्हणायचा हे तुलाच माहीत असणार. गुरुवारी अर्धा तास आधी ये.