यंत्राचा ठोका कुणी सरळ केला?

लोहारा,
१३ ऑक्टोबर १९८६

चि. बलभीम यास प्रेमाअक्काचा आशीर्वाद.

काल, रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या घरात एक गुन्हा घडला. घरात आपण दोघंच होतो, आणि मी स्वयंपाकघरात होते. तुझा गुडघा कसा आहे? विहिरीत पाणी उरलंय का? कळव. आता मुद्द्याचं.

भाचीनं परदेशातून पाठवलेल्या त्या ताल वाजवणाऱ्या यंत्राला (बटणं दाबून ठोके भरून ठेवले की वाजत राहतं) मी दोन महिने शिकवत होते. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर दार लावून पियानोवर जॅझ वाजवायच्या, तो झुलता ताल मला हवा होता. तो सरळ नसतो. मात्रेचे तीन भाग करायचे, मधला गाळायचा, तिसरा हलकेच टाकायचा. झांज किंचित रेंगाळली पाहिजे, आणि सगळे ठोके एकाच जोराचे नकोत. माझ्याकडे भांडी घासणारी कडूबाई (कान फार तिखट) रोज म्हणायची, "बाई, गिरणी लावली व्हय?" गेल्या मंगळवारी मात्र हात थांबवून म्हणाली, "आता मानूस वाजवतंय बगा." तेव्हा कुठं मी यंत्राला हात लावायचं थांबले.

काल तू चहा संपवून आणखी अर्धा कप मागितलास. दहा वर्षांत माझ्याकडे दुसरा चहा तू कधी मागितलेला नाहीस. (गूळही आणलास. का?) मी चहा घेऊन बाहेर येते तर यंत्र लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट! वर तू म्हणतोस, "अक्का, लंगडत व्हतं. सरळ केलं." आणि शाबासकीची वाट बघत बसलास.

मला संशय आहे, तुला बँडवाल्या शरणबसप्पानं पाठवलं. सव्वीस तारखेला आमच्या महिला दूध संस्थेच्या वार्षिक सभेत मी हार्मोनियम वाजवणार, साथीला यंत्र. त्याच्या बँडला बोलावणं नाही. वरातीचे पाय चालते राहावेत म्हणून तुम्ही बँडवाले दिसेल तो ठोका सरळ करता, हे मला ठाऊक आहे. पण चोवीस बटणांतून ठोके सरळ करायचं एकच बटण तुला चहा उकळेपर्यंत सापडलं कसं? मला तीन आठवडे लागले, आणि मला इंग्रजी पुस्तिका वाचता येते.

तुझी (अजून तरी) अक्का,
प्रेमा

ता. क. शरणबसप्पानं तुला गेल्या महिन्यातच, हात मागं पडतो म्हणून, बँडमधून काढून टाकलं, हे कडूबाईनं आत्ता सांगितलं. मला का नाही सांगितलंस? म्हणजे त्यानं तुला पाठवलं नव्हतं. एवढा एक आरोप मागे.

ता. क. दुसरा. पुस्तिकेतलं सगळं करूनही गिरणीच वाजत होती. शेवटी गौरीच्या दिवशी तू माझ्या पिठाच्या डब्यावर ठेका धरलास, त्याची कॅसेट ऐकून तुझा एकेक ठोका मी यंत्रात भरला. जीपमधून पडल्यापासून तुझा उजवा हात जेवढा मागं राहतो, तेवढाच मागं. काल तू लंगडा म्हणून सरळ केलास तो तुझाच हात होता, गाढवा. आमच्या सिस्टरना असा ड्रमवाला आयुष्यात मिळाला नाही.

यंत्र कपाटात ठेवलं आहे. सव्वीसला ड्रम घेऊन तू येणार की नाही, ते शुक्रवार २४ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी कळव. तोंडी निरोप चालणार नाही.