साडूसाठी सोयाबीन

ता. ७ जून १९३६, अमरावती. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण एकच, रविकांत. माझा साडू. अकोल्याला शाळामास्तर आहे. मागच्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नात भर पंगतीत वाढप्याला म्हणाला, "आमच्या वकीलसाहेबांना दोन पानं मांडा. एक त्यांना, एक त्यांच्या पोटाला." पंगत हसली. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. रमाही हसली. रमा म्हणजे माझी स्वतःची बायको. तोंडाला पदर लावला होता, पण पदर हलत होता.

असो. मी ते विसरलो आहे. केवळ नोंद म्हणून लिहिलं.

ता. ८ जून.

विसरलो नाही. सूड घ्यायचा. मात्र कायद्यात बसेल असा.

ता. १४ जून. दुपार.

मार्ग सापडला. बाररूममध्ये एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात सोयाबीन नावाच्या कडधान्यावर लेख. वर्ध्याकडे त्याचे प्रयोग चालू आहेत म्हणे. जपानात कोवळ्या शेंगा मिठात उकडून खातात. अत्यंत पौष्टिक, तरी अंगावर मांस चढत नाही. मासिक घरी आणलं. बाररूममध्ये ते कोणी वाचत नाही.

प्लॅन असा. कोजागिरीला सासऱ्यांकडे अकोल्याला सगळे जमतात. भुलाबाईची गाणी झाली की पोरी खाऊचे डबे झाकून आणतात आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. आणि रविकांत, चाळिशीचा माणूस, त्या पोरींत मांडी घालून बसतो! डबा कानाशी नेऊन हलवतो आणि सांगतो, करंज्या. सांगतो, चिवडा, पण मुरमुऱ्यांचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही. पोरी टाळ्या पिटतात. सासरे दरवर्षी म्हणतात, काय कान आहे!

आता अकोल्यात सोयाबीनच्या शेंगेचा आवाज कोणाच्या कानाला माहीत आहे? कोणाच्याच नाही. मी सडपातळ होऊन जाणार, डबा पुढे ठेवणार आणि म्हणणार, "ओळखा मास्तर."

ता. ५ जुलै. रविवार.

बियाणं शेतीखात्यातल्या ओळखीच्या गृहस्थांकडून मिळालं. बडनेऱ्याच्या रस्त्याला देवीदास माळ्याची वाडी आहे, तिथे पेरलं. मी छत्री धरून उभा होतो. देवीदासनं विचारलं, "साहेब, हे गुराले का मानसाले?" मी म्हणालो, एका विशिष्ट माणसाला. त्याला पटलं. त्याचंही शेजारच्या शालिकरामशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं आहे. म्हणाला, "उरलं तं शालिकरामलेबी चारू."

ता. २६ जुलै.

शालिकरामच्या बकऱ्यांनी सगळं खाल्लं. एक कोंब शिल्लक नाही. वाडीचं फाटक कोणी उघडं ठेवलं, हा वादाचा मुद्दा आहे. काल शेवटी बाहेर पडलो मी, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शालिकरामला नोटीस द्यायची. मसुदा तयार. बकऱ्या रविकांतने पाठवल्या असतील असं म्हणता येणार नाही. पण बकऱ्या फार आनंदात होत्या.

ता. ९ ऑगस्ट.

दुसऱ्यांदा पेरणी. देवीदास म्हणाला, "साहेब, या टायमाले तुमी घरीच राहा." माझ्या प्रकृतीची काळजी करतो बिचारा.

ता. २३ ऑगस्ट. संध्याकाळ.

प्रमोदिनी म्हणजे रमाची धाकटी बहीण, रविकांतची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता पहिल्यांदाच दिवस गेले आहेत. बाळंतपणाला तिथेच अकोल्यात माहेरी आली आहे. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण. रमानं विचारलं, आपण जायचं ना?

मी सांगितलं, कोजागिरीपूर्वी अकोल्यात पाऊल नाही. कारण सांगितलं नाही. युद्धाचा बेत घरात बोलू नये. रमा म्हणाली की प्रमोदिनी घाबरली आहे, सारखी ताईला बोलवा म्हणते. मी म्हणालो, घाबरण्यासारखं काही नाही, बायका बाळंत होतातच. रमा उठून आत गेली. पटलं असावं.

ता. १३ सप्टेंबर.

डोहाळजेवण आज झालं असेल. रमाचे डोळे लाल. साथ आहे गावात. बोरिकच्या पाण्याने धुवायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि धुतले.

शेंगा धरल्या! अंगावर बारीक लव आहे. रविकांतच्या मिशीची आठवण झाली.

ता. ४ ऑक्टोबर. सकाळ.

पहिला तोडा. मी स्वतः स्वयंपाकघरात गेलो. रमा म्हणाली, करते मी. नको म्हणालो. सूड स्वतःच्या हातानं शिजवायचा असतो.

पाणी, मीठ, शेंगा. फार उकळल्या. लगदा. आमची गंगूबाई भांडी घासायला आली, पातेलं पाहून म्हणाली, "मले वाटलं म्हशीची आंबोनी चढवली." तिच्या मताला किंमत नाही.

ता. ७ ऑक्टोबर.

या वेळी झकास. दाणे हिरवेगार, दाताखाली गोडसर. मी चार मुठी शेंगा सालीसकट खाल्ल्या. पौष्टिक भाग सालीत असतो.

ता. ८ ऑक्टोबर. दुपार, कोर्टातून लवकर घरी.

साल खात नाहीत. सोलून नुसता दाणा घ्यायचा असतो. मासिकात होतं ते, पण बारीक अक्षरात. जोशी मुन्सिफांपुढे उलटतपासणी चालू असताना माझ्या पोटानं असा काही आवाज केला की साक्षीदारानं "हो" म्हटलं. त्यामुळे मुद्दा माझ्या बाजूनं सुटला. तरीही लवकर आलो.

ता. ११ ऑक्टोबर.

मसाला ठरला. उकडून निथळलेल्या शेंगा गरम तव्यावर परतायच्या, सालीला काळे डाग पडेपर्यंत. तीळ आणि जिरं भाजून जाडसर कुटायचं. सैंधव, लाल तिखट. वर लिंबू. बोटांना मसाला लागतो, शेंग ओठांशी धरून दाणा दाबला की दोन्ही चवी एकदम येतात. काय चीज आहे! सूड नसता तरी केली असती.

तिखट जरा जास्त पडलं. डोळ्यांतून पाणी. रमाला म्हणालो, हे आनंदाचं आहे. ती म्हणाली, "तुम्हाला बोरिकचं पाणी देऊ का?" काळजी घेते.

ता. १३ ऑक्टोबर.

आवाजाचा अभ्यास. पितळी डबा मोठा, आवाज घुमतो. पत्र्याचा उत्तम. शेंगा ओल्या असल्या तर धप्प, परतलेल्या असल्या तर खुळखुळ नाही आणि धप्पही नाही, मधलंच. या आवाजाला मराठीत शब्द नाही. हरला रविकांत!

डबा कानाशी हलवत डोळे मिटून बसलो होतो. डोळे उघडले तर समोर क्लायंट. खुशालराव, परतवाड्याहून आले होते. अपील करायचं होतं. म्हणाले, पुन्हा केव्हा तरी येतो.

ता. १७ ऑक्टोबर. सकाळ.

रमा अकोल्याला गेली. मीच परवानगी दिली. म्हणजे मी बाहेर आलो तेव्हा ती टांग्यात बसलेली होती, ट्रंक पायाशी, सोबत तिचा भाऊ. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "प्रमोदिनीच्या पायांवर सूज आहे. डॉक्टर म्हणतात, जपा. मी आता थांबत नाही. तुमचं काय ते तुमच्याजवळ ठेवा." मी म्हणालो, "ठीक आहे, जा." टांगा तेव्हा वळला होता. पण ऐकलं असेल.

सूज वगैरे बायकांचं काही तरी असतं.

ता. १८ ऑक्टोबर.

शेंगा खाल्ल्या. घर फार शांत आहे. अभ्यासाला बरं.

ता. २१ ऑक्टोबर.

काळ्या कोटाचं बटण लागत नाही. धोब्यानं कोट आखडवला. वास्तविक मी उतरलो आहे, नुसत्या शेंगांवर आहे. शेंगा आणि गंगूबाईच्या भाकऱ्या. आणि शेजारून आलेले अनारसे, पण ते नाकारणं बरं दिसलं नसतं.

गंगूबाईनं विचारलं, "साळीबाईची खबर आली का काई?" नाही म्हणालो. म्हणाली, "मंग तुमी काहून नाई गेले?" तिला प्लॅन समजणार नाही. संध्याकाळी मलाही तो थोडा वेळ समजेना. शेंगा खाल्ल्यावर समजला.

ता. २८ ऑक्टोबर.

उद्या कोजागिरी. देवीदासनं उत्तम शेंगा निवडून दिल्या. वर म्हणाला, शालिकरामलाही एक टोपलं दिलं. मी चकित. चारायच्या म्हणून दिल्या का? "नाई जी. त्याची बुढी पडली, कमर मोडली. बकऱ्यायचं मंग पाहू." कच्चा गडी. माझी नोटीस फुकट गेली.

रविकांतपुढे म्हणायचं भाषण पाठ झालं. शेवट असा: "मास्तर, पानं दोन लागोत की चार, डोकं एक तरी पाहिजे." आरशासमोर चारदा म्हटलं. दर वेळी मी हसलो.

ता. २९ ऑक्टोबर. अकोला. दिवेलागण होऊन गेल्यावर.

नीट लिहितो.

दुपारी पोचलो. डबा मांडीवर घेऊन आलो, बडनेऱ्याला गाडी बदलतानाही कोणाच्या हाती दिला नाही. वाड्यावर भुलाबाई नाही. गाणी नाहीत. पोरींना शेजारी धाडलेलं. सासरे देवापुढे बसलेले. प्रमोदिनी पहाटेपासून आतल्या खोलीत, डॉक्टरीणबाई आणि रमा तिच्याजवळ. मध्ये एकदा रमा गरम पाणी न्यायला बाहेर आली. मला पाहून थांबली. "आलात," एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्या कोपरापर्यंत बाह्या ओल्या होत्या.

ओसरीवर रविकांत. भिंतीला टेकून खाली बसला होता. दाढी वाढलेली. मी समोर बसलो. आतून प्रमोदिनीचा आवाज आला की तो दोन्ही हातांनी कान दाबायचा. ते कान.

भाषण आठवत होतं, पण मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

मग तो म्हणाला, "चिंतामणराव, मले काही सुधरून नाही राहिलं. ती जगते ना हो?" वर्गात पोरांना "मले" म्हटल्याबद्दल अंगठे धरायला लावणारा माणूस. मी म्हणालो, जगेल. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, माहीत नाही. पुरावा नव्हता.

सकाळपासून त्याच्या पोटात काही नसावं. काय करावं सुचेना, म्हणून मी डबा उघडला. ओळखा बिळखा काही नाही, सरळ उघडला आणि पुढे केला. त्यानं न पाहता शेंग उचलली. सोलता येईना, तेव्हा मी सोलून दिली. मग दुसरी. तो आतल्या दाराकडे बघत खात होता, मी सोलत होतो. डबा रिकामा होत आला तेव्हा आतून बाळ रडलं.

मुलगी. दोघी सुखरूप.

रविकांत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. कोटावर मसाल्याची बोटं उमटली आहेत. अशा माणसावर सूड कसा घ्यायचा, याची तरतूद कुठल्याच कायद्यात माझ्या पाहण्यात नाही.

ता. १ नोव्हेंबर. अमरावती.

विचार केला. प्रकरण संपलेलं नाही, फक्त तहकूब आहे. त्या दिवशी त्यानं ओळखलं नाही, पण मी विचारलंही नव्हतं. म्हणजे निकाल लागलेला नाही. नऊ तारखेला बारसं. तिथे चारचौघांत विचारायचं. थंड डोक्यानं.

ता. ९ नोव्हेंबर. अकोला. बारसं आटोपल्यावर.

विचारावंच लागलं नाही.

घर पाहुण्यांनी भरलेलं. पाळण्याला झेंडू. नाव ठेवून झाल्यावर रविकांत, मुलगी हातात घेऊन, सगळ्यांसमोर बोलायला उभा राहिला. मला वाटलं, आता माझं पोट निघणार. कोटाचं बटण धरून बसलो.

तो म्हणाला, "त्या दिवशी आमचे चिंतामणराव अमरावतीहून डबा घेऊन धावत आले. एक शब्द बोलले नाहीत. एकेक शेंग सोलून मला भरवली. आयुष्यात अशा तुरीच्या शेंगा मी खाल्ल्या नाहीत."

तुरीच्या!

चुकला. भर सभेत, सासऱ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडानं. जूनपासून मी ज्याची वाट पाहत होतो, ते झालं. तूर अजून फुलोऱ्यातसुद्धा धड नाही, शेंगा कुठून येणार? एवढंही मास्तरला कळू नये! मी ताडकन उभा राहिलो. सगळे माझ्याकडे वळले. शब्द तयार होते.

मी उभा राहिलेला पाहून रविकांतला वाटलं, मला मुलगी घ्यायची आहे. त्यानं ती माझ्या हातांत दिली.

फार हलकी आहे. झोपेत होती. ओठ हलवत होती. प्रमोदिनी कॉटवरून बघत होती, तिच्या शेजारी रमा. कोणी तरी मागून विचारलं, वकीलसाहेब, काही म्हणत होतात?

मी म्हणालो, हो. तुरीच्याच. यंदा अमरावतीकडे तूर फार लवकर आली.