फिलूच्या मातीची वेळ

गुरुवार, संध्याकाळ. बोरिवली.

शाळेच्या मधल्या सुट्टीत फिलू माझं ऑम्लेट खायची आणि मला तिची तांदळाची भाकरी द्यायची. आज तिच्या मातीला पोहोचले, तर कबर भरून झाली होती. चर्चच्या वेबसाइटवर निघताना पुन्हा पाहिलं होतं, दुपारी चार. वेळ कालच बदलून सकाळची केली होती म्हणे. तिची लेक ग्रेटा रडतच म्हणाली, "आँटी, तुझा फोन साठवलेलं जुनं पानच दाखवतो गं. रिफ्रेश करायचं ना!"

मला कसं कळणार? पान ताजंच दिसत होतं. आत्ता केलं रिफ्रेश. दुपारी चार गेलं, सकाळ आली. आता त्या सकाळचं काय करू? मूठभर मातीही देता आली नाही.

माझ्या माघारी माझी रोझरीची माळ ग्रेटाला द्या. आणि माझ्या मातीची वेळ सगळ्यांना फोन करून सांगा.